गिरदावरसाहेबांचा अजायबखाना

जगातल्या प्रत्येक निकामी वस्तूला हक्काचं छप्पर मिळवून देण्याची जबाबदारी परमेश्वराने एकट्या आपल्यावर टाकली आहे, अशी माझ्या टेंभुर्णीच्या घरमालकांची पक्की समजूत होती. आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून सहा वर्षं राहिल्यावर परमेश्वराने ती खरोखरच टाकली असावी, असं मलाही वाटू लागलं होतं. बुडाला भोक पडलेली परात, एका दाताचा फाळ, कुणा घोडेस्वाराची एकच रिकीब, अर्धं दार, अर्ध्या दाराची पूर्ण कडी, कुणी तरी कधी तरी दूध तापवताना फुटलेलं मडकं, असं जे जे गाव उकिरड्यावर टाकी, ते ते साहेब उचलून आणीत, फडक्याने पुसत आणि पुढच्या दोन खोल्यांत मांडून ठेवीत. ते निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर होते, म्हणजे पटवाऱ्यांच्या कामावर देखरेख करणारे अंमलदार. नोकरीभर घोड्यावरून गावोगाव हिंडून त्यांनी शेतांच्या हद्दी तपासल्या, आणि पेन्शनीत निघाल्यावर घराच्या दारावर मराठीत आणि उर्दूत स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: ‘अजायबखाना’. गाव मात्र त्याला ‘साहेबाचं सामान’ म्हणे.

मी तिथल्या तहतानिया शाळेत, म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेत, मास्तर म्हणून आलो तेव्हा गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. खरं तर साहेबांचीही नव्हती. मला दिलेल्या खोलीत आधी एका मोडक्या दमणीचा सांगाडा होता. सवारीची ती हलकी बैलगाडी कुण्या देशमुखाच्या घरची. चाकं नव्हती, पण साहेबांच्या मते ‘चाल’ शाबूत होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फारच धरलं म्हणून दमणी परसात गेली आणि मी आत आलो. पुढं सहा वर्षं हा त्याग मला ऐकावा लागला. मी शाळेतून उशिरा आलो की साहेब ओसरीवरून म्हणत, “दमणी बिलकुल बाहेर जायची न्हाई, मास्तर.” मी आजारी पडलो तेव्हाही त्यांनी रोज दोनदा येऊन विचारपूस केली, काढा दिला, आणि जाताना खोलीच्या त्या कोपऱ्याकडे बघून एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा माझ्यासाठी होता की दमणीसाठी, हे मला अजून सांगता येणार नाही.

त्यांच्या डोक्यातून महसूल खातं काही गेलं नव्हतं. नवी वस्तू आली की ते आधी तिचा पंचनामा करीत. रस्त्याने जाणारी पाच माणसं धरून आणायची, वस्तू मध्ये ठेवायची, जो ती आणेल त्याची जबानी घ्यायची, आणि पाचांच्या सह्या किंवा अंगठे उमटवायचे. मग ती वस्तू फेरिस्तीत चढे, म्हणजे त्यांच्या जाडजूड यादीच्या वहीत; आणि तिथे शेताच्या तुकड्यासारखी तिची चतुःसीमा लिहिली जाई. मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे: ‘दगडी उखळ एक. पूर्वेस फुटकं जातं, पश्चिमेस भिंत, उत्तरेस तांब्याची घागर, दक्षिणेस मास्तरांची खोली.’ काकूंनी एकदा झाडताना उखळ वीतभर सरकवलं, तर साहेबांनी हद्द बदलल्याचा नवा पंचनामा केला आणि काकूंची जबानी घेतली. काकूंनी ती दिलीही. “झाडत होते. मध्ये आलं. सरकवलं. पुन्हा आलं तर पुन्हा सरकवीन,” एवढीच ती जबानी होती, आणि साहेबांनी ती एक काना न बदलता लिहून घेतली.

एकदा कुंभार पिंपळगावाकडच्या कुणी पाहुण्याने एक वाकडं लोखंडी हत्यार आणून दिलं. ते कशाचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी ते बाजाराच्या दिवशी दारात टांगलं आणि खाली लिहिलं, ‘ही वस्तू काय आहे ते आम्हास ठाऊक नाही. ज्यास ठाऊक असेल त्याने आत येऊन सांगावे.’ लोहार म्हणाला, विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ. एक म्हातारा शिलेदार म्हणाला, हत्तीच्या साखळीचा आकडा. तेलीण म्हणाली, “माझ्या सासूपाशी अश्शीच व्हती. कशाची ते तिलाबी ठाव नव्हतं, पर ती कुनाला हात लावू देत नसे.” मी म्हटलं, यातलं खरं काय ते ठरवून एकच लिहा. साहेब माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. “मास्तर, तेलिणीच्या सासूनं ते जपलं, ही गोष्ट खरी हाये का न्हाई? मंग ती काहून सोडू?” तिन्ही जबान्या फेरिस्तीत गेल्या, आणि तेलिणीची सगळ्यात मोठी होती.

टेंभुर्णीचा आठवडी बाजार म्हणजे त्यांचा सणाचा दिवस. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येत. त्यांना अजायबखान्याशी काही देणंघेणं नसे, त्यांना मीठमिरची हवी असे. साहेबांनी यावर मोठी शक्कल काढली होती. त्यांनी थंडगार पाण्याचे दोन रांजण भरून ठेवले, पण दारात नव्हे. दुसऱ्या खोलीच्या पार टोकाला. तहानलेल्या माणसाला उखळ, जातं, रिकीब, अर्धं दार या सगळ्यांच्या मधून वाट काढत जावं लागे, आणि साहेब तांब्या हातात घेऊन शेजारून चालत बोलत राहत. पाणी दारात ठेवा अशी तक्रार पुष्कळांनी केली. साहेब म्हणत, “पानी न्या की, रोकलंय कोनी? जाता जाता नजर टाका फक्त.” आणि नजर टाकता टाकता माणसं थांबत. “आमच्या घरी असंच जातं होतं,” म्हणत. त्या ‘आमच्या घरी’ शब्दासाठी साहेब आठवडाभर टपून बसलेले असत.

वस्तू जपण्याबाबत मात्र ते फार कडक. लोखंडाला करडईच्या तेलाचा पुसट हात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचं तेल, कागदांत वेखंडाची पुरचुंडी, आणि दगडाला फक्त पाणी व शेळीच्या केसांचा मऊ कुंचला. घासणं, चकाकवणं ही त्यांच्या लेखी हत्या होती. एका दिवाळीला काकूंनी, घरात लक्ष्मी येणार आणि घागर काळीकुट्ट, म्हणून ती तांब्याची घागर चिंचेने आणि राखेने लख्ख करून ठेवली. साहेबांनी ती उचलून उजेडात फिरवून बघितली. “चार पिढ्यांचा हात होता तिच्यावर,” ते एवढंच म्हणाले आणि सबंध पाडवा बोलले नाहीत. काकू मला हळूच म्हणाल्या, “मास्तर, चार पिढ्यांत एकीनं तरी घासली असंलच की नाही घागर? मी पाचवी.” हे मी साहेबांना सांगितलं. मग उठून त्यांनी फेरिस्त उघडली आणि घागरीपुढे काकूंचं नाव लिहिलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे दसऱ्यानंतरचा उन्हाचा दिवस. पावसाळ्याची ओल धरलेली आपापली जुनी चीजवस्तू प्रत्येक घराने गल्लीत आणायची आणि उन्हात पसरायची. साहेब कुंचला घेऊन दारोदार फिरत. कसर कशी झटकायची, घडी कशी मोडायची, निंबाचा पाला कसा वाळवून घालायचा ते दाखवत. पहिल्या वर्षी तीन घरं आली, तीही काकूंच्या भिडेने. मी होतो तेव्हा गल्लीत चालायला जागा उरत नसे. जरीच्या पागोट्याशेजारी गोधडी, गोधडीशेजारी पोथ्या, आणि सगळ्या बायका एकमेकींच्या पेट्यांत डोकावत. एके वर्षी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीचाचांनी लाल फडक्यातला एक मोडी कागद आणला. त्यांना मोडी येत नव्हती. बापाने जपला म्हणून त्यांनी जपला होता. साहेबांनी वाचला. चाचांच्या पणज्याने मशिदीपुढच्या मोकळ्या जागेत वाटसरूंना सावली व्हावी म्हणून चिंच लावायची परवानगी मागितली होती आणि पाटलाने ती दिली होती. ज्या चिंचेखाली सगळा गाव बाजाराच्या गाड्या सोडी, तीच ही चिंच. सगळे वळून झाडाकडे बघू लागले. चाचांनी कागद परत घडी करून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते त्या झाडाखाली जरा ताठ बसू लागले.

अशा माणसाच्या हाती एक दिवस खरोखरीचं घबाड लागलं. गावाच्या उत्तरेला नाल्याकाठी विहीर होती आणि तिच्यापाशी बायकांचा धुण्याचा मोठा दगड. साहेब फिरून येताना तिथे टेकले, आणि बसल्या बसल्या त्यांचा हात दगडाच्या पोटाखाली गेला. ते जे ओरडले, त्याने बायकांच्या हातातलं धुणं गळालं.

“इच्चू चावला का साहेब?” एकीने विचारलं.

“न्हाई न्हाई! खाली मानूस हाये! पाय लागला माझ्या बोटाला!”

बायका पिळे टाकून गावाकडे पळत सुटल्या. अर्धा गाव काठ्या घेऊन आला. दगड उलथला, तेव्हा खाली एक वीरगळ निघाली. तळाच्या पट्टीत गाईंच्या कळपापुढे उभा राहून लढणारा वीर, मधल्या पट्टीत त्याला हाताला धरून वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, डोक्यावर चंद्रसूर्य. तोंड खाली होतं म्हणून सगळं कोरीवकाम वाचलेलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकांच्या डोळ्यांत मात्र आता धुवायचं कशावर, हा प्रश्न होता. साहेबांनी नवा दगड आणवला. बायकांनी नापास केला, खरखरीत म्हणून. दुसरा उताराचा म्हणून. तिसऱ्यावर एकीने लुगडं आपटून बघितलं आणि मान हलवली, “आवाज बराबर येत न्हाई.” चौथा पास झाला, तेव्हाच वीरगळ अजायबखान्यात आली आणि दाराशी, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

साहेब वर्षानुवर्षं हैदराबादला अर्ज धाडत होते, की आमच्या अजायबखान्याची सरकारदरबारी नोंद व्हावी. उत्तर कधी आलं नव्हतं. वीरगळीचं वर्णन धाडलं, आणि महिन्याभरात उत्तर आलं. एक साहेब जालन्याच्या बाजूला दौऱ्यावर येत आहेत. ते शिळा पाहतील, आणि ती वर्णनाप्रमाणे असल्यास नोंदीची शिफारस करतील. त्या दिवशी काकूंनी शिरा केला. साहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, शिंपीचाचांना वाचून दाखवलं, लोहाराला वाचून दाखवलं, आणि मग वीरगळीपुढे उभे राहून एकदा मोठ्याने वाचलं.

त्याच आठवड्याच्या बाजारात मैनाबाई आली. गावापासून दोन कोसांवर मेंढरं राखणाऱ्यांची चार-सहा घरांची वाडी होती. तिथली ही सगळ्यांत थोरली म्हातारी. ती पाणी पिऊन परत निघाली आणि दाराशी थबकली. डोक्यावरची टोपली उतरवली, पदर सावरला आणि वीरगळीपुढे खाली बसली.

“साहेब, ह्यो कुठं घावला?”

“नाल्याच्या विहिरीवर, मावशी. तोंड खाली करून पडला व्हता.”

“कोन्या अंगाला?”

“उगवतीच्या.”

म्हातारीने तळाच्या गाईंवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मंग आमचं बराबर व्हतं. ह्यो आमचा थोरला बाबा हाये.”

तिने सांगितलं ते असं. त्यांच्या वाडीवर लग्न ठरलं की नवरानवरीला आधी त्या विहिरीवर न्यायचं. उगवतीच्या अंगाला भाकर, गूळ आणि लोकरीचा बोटभर पुंजका ठेवायचा, आणि मागे न बघता परत यायचं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा आजा सांगे, थोरला बाबा गाई राखता राखता तिथं पडला, तिथंच निजलाय. त्याला उठवायचं नाही, फक्त सांगून यायचं.

“नातीचं लगीन हाये पंधरा दिसांनी,” ती म्हणाली. “तिला हितं आनू का? शेंदूर लावते, नारळ फोडते, जाते.”

“आना की. जरूर आना. पर शेंदूर न्हाई मावशी. शेंदूर लावला की दगड बुजतो. नारळ भाइर फोडा. नुस्ता नमस्कार करा.”

म्हातारी उठली. टोपली डोक्यावर घेतली. “मंग त्येला कळंल कसं, आमी आल्तो ते?” असं विचारून, उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

साहेबांनी नेहमीप्रमाणे तहकीकात सुरू केली. स्वतः वाडीवर गेले, चार घरांच्या जबान्या घेतल्या, विहिरीवर जाऊन धुणाऱ्या बायकांना विचारलं. बायका म्हणाल्या, “येत्यात की दर लग्नाला. आमी म्हनायचो, ह्येंचं डोस्कं फिरलंय. सगळं रान सोडून भाकर ठेवत्यात ती आमच्या धुन्याच्या दगडापाशी. मंग ती आमचं कुत्रं खायचं.” साहेबांनी कुत्र्याचंही लिहून घेतलं. तीन दिवसांत वहीची चार पानं भरली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. इतका नीट सिद्ध झालेला मामला त्यांच्या सबंध नोकरीत झाला नसेल; आणि तो त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध सिद्ध केला होता.

त्यानंतरचे दिवस घरावर सावट होतं. साहेब जेवायला बसत आणि अर्ध्यावर उठत. वीरगळीपुढे खुर्ची टाकून तासन् तास बसत. मी त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगितली: हैदराबादचे साहेब लग्नानंतर चारच दिवसांनी येणार आहेत, ते बघून जाऊ देत, नोंद होऊ दे, मग वाडीचं काय ते बघा.

“मास्तर,” ते म्हणाले, “साहेब आले, अन् खूश झाले, अन् म्हनले ही शिळा हैदराबादला पाठवा, तर मी काय सांगू? म्हातारीची हाये म्हनून सांगू? मंग ते इचारतील, म्हातारीची व्हती तर तुमच्याकडं काय करून राह्यली? आत्ता माझ्या हातात हाये. तोवरच देता येती.”

“पण साहेब, एवढी वर्षं तुम्ही वाट बघितली.”

आतून काकू पदराला हात पुसत आल्या. त्या एरवी या खोल्यांत बोलत नसत. “इतके दिवस पाहुणा म्हणून सांभाळलात, चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. “आता त्याची माणसं आलीत. पाहुण्याला का कुणी कोंडून ठेवतं?”

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बैलगाडीत कडबा पसरला, वर काकूंच्या दोन गोधड्या, आणि वीरगळ निजवली. साहेबांना गाडीत बसायला सांगितलं तर बसले नाहीत. दगडावर हात ठेवून दोन कोस पायी चालले. प्रत्येक खळग्याला ते “हळू रे, हळू!” म्हणून ओरडत, आणि गाडीवान शेवटी वैतागून म्हणाला, “साहेब, लढाईत पडलेला मानूस हाये ह्यो. खळग्यानं काय व्हतंय त्येला?”

वाडीवर बायकांनी गाडीवर तांदूळ टाकले. एका निंबाखाली जागा सारवून ठेवली होती. शिळा उभी राहिली, आणि लगेच मैनाबाई शेंदराची वाटी घेऊन पुढे झाली. साहेब आडवे आले. दोघांची जी घासाघीस झाली, ती ऐकायला वाडीसह मेंढरंही जमली असावीत.

“सगळ्याला न्हाई. फक्त कपाळाला लावते.”

“कपाळ केवढंय मावशी? सुपारीएवढं! नाक बुजंल.”

“मंग पायाला.”

“पायाशी गाई हायेत. त्यायची शिंगं बुजतील.”

“आरं देवा! मंग चंद्रसूर्याला लावू का?”

साहेब हात जोडून उभे राहिले. म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. हा माणूस हट्टाने नव्हे, कळवळून बोलतोय, हे तिला दिसलं असावं. तिने इकडेतिकडे बघून एक साधा चपटा दगड आणवला, शिळेच्या पुढे पायरीसारखा बसवला आणि म्हणाली, “शेंदूर हिला. बाबाला नुस्तं पानी. झालं?” साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी कुंचला काढला आणि नवऱ्या मुलीला दगड कसा धुवायचा ते शिकवलं, वरून खाली, दाब न देता. मुलगी मन लावून शिकली आणि म्हणाली, “रोज धुवू का?”

“न्हाई बाई! रोज न्हाई!” साहेब घाबरून ओरडले. “वर्षातून एक डाव!”

दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही तिघेही गेलो. मंगलाष्टकांच्या वेळी मैनाबाईने साहेबांना मांडवाच्या कडेवरून उठवलं आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या ओळीत आणून बसवलं. पोरीने थोरल्या बाबाला नमस्कार केला, मग रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाशी वाकत वाकत साहेबांपुढे आली. साहेबांना मूलबाळ नव्हतं. एवढा बोलका माणूस, पण त्यांना आशीर्वादाचा शब्द सुचेना. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरले. काकूंनी हळूच त्यांची बाही ओढली.

ठरल्या दिवशी हैदराबादचे साहेब आले. तरुण, शेरवानीतले, फार अदबशीर गृहस्थ. दाराशी रिकामी जागा बघून त्यांचा चेहरा उतरला. आमच्या साहेबांनी फेरिस्त पुढे ठेवली, चार पानांची जबानी उर्दूत तोंडी सांगितली आणि म्हणाले, गाडी जोडून ठेवली आहे, दोनच कोस आहे. पण पाहुण्यांना जालन्याची संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी राहिलेलं सगळं आस्थेने बघितलं, पाणी प्यायले, तेलिणीच्या सासूची हकिकत ऐकून मनापासून हसले, आणि निघून गेले. नोंद झाली नाही. साहेब त्यांना वेशीपर्यंत पोचवून आले आणि ओसरीवर बसून राहिले. दोन दिवस त्यांनी कशाचाही पंचनामा केला नाही. तिसऱ्या दिवशी पायांत जोडे घालून ते वाडीकडे निघाले. मी विचारलं, कशाला? म्हणाले, “निंबाची डगाळ आडवी वाढलीया. पाण्याचे थेंब बराबर बाबाच्या खांद्यावर पडून राह्यले. तोडायला सांगून येतो.”

पुढे माझी बदली बदनापूरला झाली. पत्रं येत, मग ती कमी झाली. मग निजामाचं राज्य जाण्याच्या धामधुमीचं ते साल आलं. टेंभुर्णीपासून वऱ्हाडची सीमा जवळ. पुष्कळ घरं बिऱ्हाडं बांधून पलीकडे गेली. अठ्ठेचाळीस सालची दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी बदनापूरच्या स्टेशनवर कुणाला तरी पोचवायला गेलो होतो. औरंगाबादकडे जाणारी गाडी उभी होती आणि तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत साहेब बसले होते. एका डोळ्यावर पट्टी. शेजारी काकू. डोळ्याच्या डॉक्टरकडे चालले होते.

मी खिडकीचे गज धरून विचारलं, “अजायबखाना कसा आहे?”

“रिकामा हाये,” ते म्हणाले. बोलण्यात दुःख नव्हतं. “हवा बिघडली तेव्हा मीच सगळ्यायला बोलावलं. म्हनलं, ज्याची त्यानं घेऊन जा. मी म्हातारा मानूस, दारं कितीक दिवस लावून बसू? ज्यानं त्यानं नेली. शिंपीचाचाची कातर चाचानं नेली. घागर काकूनं घेतली.”

“मग सगळं निवल्यावर परत आणली असतील की.”

“दोघातिघायनं आनली. बाकीच्यायनं न्हाई आनली.” ते खिडकीबाहेर वाकले आणि त्यांचा उघडा डोळा हसला. “मी मागायला गेल्तो. ती वाकडी वस्तू तेलिणीनं नेली व्हती. म्हनली, साहेब, आता आमाला ठाव हाये ही आमच्या घरची हाये ते. ऱ्हाऊ द्या आमच्याकडंच. अन् कोनाड्यात ठेवलीया, मास्तर. कोरड्या जागी. पाला घालून.”

गार्डाने शिटी दिली. साहेबांनी माझा हात धरला. “तुमच्या घरी काय हाये, मास्तर? तुमच्या घरचं जुनं? सहा साल ऱ्हायले, अन् मी कधी इचारलंच न्हाई. चूक झाली माझी.”

मी आठवू लागलो. काहीच आठवेना. तोवर गाडी हलली. काकूंनी खिडकीतून हात केला, साहेबही काहीतरी म्हणाले, पण ते इंजिनाच्या आवाजात गेलं.

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुढच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि आईला विचारलं. आई म्हणाली, आपल्याकडं कसलं जुनं? मग थोड्या वेळाने आपणच उठली आणि माळ्यावरून एक पितळी साखळी काढून आणली. पाळण्याची साखळी. पाळणा केव्हाच मोडून चुलीत गेला होता. तिने साखळी मांडीवर घेतली आणि सांगू लागली. माझ्याआधी त्या पाळण्यात दोघं निजली होती, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघंही वर्षाच्या आत गेली. मुलीचं नाव काय ठेवलं होतं, तिला कुठली ओवी म्हटली की झोप लागे, मुलगा कसा मूठ गच्च आवळून निजे, हे सगळं आई दुपारभर सांगत होती. मी तिशी ओलांडलेला माणूस. मला एक बहीण होती आणि तिचं नाव चंद्रभागा होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईलाही ते नाव मोठ्याने उच्चारून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

मी त्याच संध्याकाळी साहेबांना पत्र लिहायला बसलो. आईची जबानी मी त्यांच्या पद्धतीने, एक शब्द न गाळता लिहून काढली. चार पानं झाली. ती पाठवण्याआधीच काकूंचं कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं. डोळा बरा झाला होता, पण साहेब औरंगाबादेहून परत आले नव्हते. साधा ताप आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

ती चार पानं माझ्याकडेच राहिली. आई गेल्यावर मी ती साखळीबरोबर एका फडक्यात बांधून ठेवली आहेत. दसरा झाला की गल्लीत कुणी नसलं तरी मी ती अंगणात आणतो, उन्हात उलगडतो आणि शेजारी बसून राहतो. मुलं विचारतात, हे काय आहे? मी त्यांना जवळ बसवतो आणि सांगू लागतो, की तुमची एक आत्या होती.